पंचवीस फेऱ्या आणि चार टायर

रविवार, १२ जानेवारी २०२५, कडेगाव

गेल्या दोन दिवसांत तीन माणसांनी मला तीन मतं दिली आणि तिघांनाही मी "बघते" एवढंच म्हणाले. "बघते" हा माझा शब्द नव्हे. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. तिथे उसाचा रस समोर आला की आकडा द्यावा लागतो, बघते म्हणून चालत नाही. म्हणून ही वही काढली. प्रश्न सुटेपर्यंत लिहीन, मग बंद.

प्रश्न असा. यांना, म्हणजे नानासोंना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे. वेळेत सापडला. डॉक्टर म्हणतात, बरा होतो. सांगलीला रेडिएशनच्या पंचवीस फेऱ्या करायच्या आहेत, सोमवार ते शुक्रवार, रोज साडेअकराला. पाच झाल्या. मध्ये खंड पडता कामा नये असं बजावलेलं आहे. कडेगावाहून सांगली साठ किलोमीटर, तेवढेच परत. गाडी मी चालवते. यांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात आणि मोटरसायकलवर गेली, चारचाकीला त्यांनी कधी हात लावला नाही.

गाडी आमच्या मुलाची, राजवर्धनची. दोन वर्षांसाठी जर्मनीला जाताना तो ती दारात लावून गेला. भारी गाडी आहे. तिला रन-फ्लॅट टायर आहेत. या टायरांची बाजू इतकी जाड आणि ताठ असते की आतली सगळी हवा गेली तरी टायर बसत नाही. वेग ऐंशीच्या आत ठेवला तर ऐंशी किलोमीटर तशीच पळते. म्हणून गाडीत स्टेपनी नाही. डिकीत तिची जागासुद्धा केलेली नाही.

चारही टायरांची नक्षी आता झिजली. पुन्हा तेच घालायचे की साधे?

कडेपूर नाक्यावर लालासाहेबाचं टायरचं दुकान आहे. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणाला, "काकी, साधी घाला. ही टायर न्हाईत, दगडं हायत. आपल्या रस्त्याला ही गाडी म्हंजे बिनशॉकअपची बैलगाडी."

राजवर्धन फोनवर म्हणाला, "आई, तीच घे. तू आणि नाना रस्त्यात अडकलात तर मी इथून काय करू?"

नानासो म्हणाले, "यष्टीनं जाऊ की. यष्टी बरी. थांबत थांबत जाती."

हे शेवटचं मत धरण्यासारखं नाही, पण नोंद केली.

आणखी एक. शुक्रवारी लालासाहेबाकडे हवा भरल्यापासून स्टिअरिंगमागच्या काचेत एक पिवळी खूण पेटून राहिली आहे. काल मी स्वतः चारही टायरांची हवा मोजली. बरोबर निघाली. म्हणजे खूण खोटी. ज्या यंत्राचा भरवसा गेला त्याचं वाचन धरायचं नाही, हा लॅबचा नियम. यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाचा बोटभर फोटो नेमका त्या खुणेवर चिकटवला. चांगला बसला. डोळ्याला त्रास नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

सातवी फेरी. संक्रांत असूनही मशीन चालू होतं. मशीनवरची मुलगी, सोनम, हिने सगळ्या पेशंटना तिळगूळ वाटला. गोड बोला म्हणाली आणि लगेच दम दिला, "काका, पाणी कमी पडलंय. पोट भरलेलं नसलं तर मी टेबलावर घेणार नाही हं." लाईट, म्हणजे रेडिएशन, देताना मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणून अर्धा लिटर पाणी यांना नांद्र्याला गाडीतच प्यायला लावते. त्यानंतर सांगलीपर्यंत हे बोलत नाहीत. खिडकीबाहेर बघतात. खड्डा आला की दाराची मूठ धरतात.

आजपासून वेळ लिहिते. जायला एक तास वीस मिनिटं. यायला दोन तास पाच. रस्ता एकच, गाडी एकच, चालवणारी एकच. फरक चहाचा. घरी दिवसातून एकदा चहा घेणारा हा माणूस परतीला तीन ठिकाणी चहा मागतो. मी दोन कप सांगते, तोवर हे हॉटेलच्या मागे फिरायला गेलेले असतात. येतात तेव्हा चहा गार. अर्धा कप पितात, म्हणतात, "चल सायेब." लग्नानंतर मी लॅबमध्ये चिकटले तेव्हापासून मला सायेब म्हणतात. चिडवायला सुरू केलं, ते राहून गेलं.

गुरुवार, १६ जानेवारी

नववी फेरी. परतीला वसगड्याच्या अलीकडे मेंढरं बसलेली दिसली. "थांब थांब, माणातली दिसत्यात." मी म्हटलं, मेंढरं काय बघायची, जन्म गेला त्यांच्यात. तोवर यांनी चालत्या गाडीचं दार उघडायला हात घातला होता. थांबले.

मेंढपाळ यांच्या ओळखीचा निघाला, नाथाजी. यांच्या म्हसवडकडच्या, माण तालुक्यातल्या भावकीतला, दरसाल उन्हाळ्याआधी कळप घेऊन इकडे उतरतो.

"डाक्टर! आवं, किती वाळलायसा!"

"सायेब खायला देत न्हाईत."

"वयनी, खरं व्हय?"

मी म्हटलं, खायला देते, चहा देत नाही. नाथाजी हसला. हे मात्र आधी पलीकडच्या बांधाकडे मेंढरं बघायला गेले. मेंढरं अलीकडे होती. चांगली पाच मिनिटं लागली. परत आल्यावर एका मेंढीजवळ बसून तिचा पुढचा पाय दाबून बघितला आणि नाथाजीला म्हणाले, "हिच्या खुरात हाय. कवापास्नं?"

"लंगडत तर न्हवती."

"मेंढरू लंगडत न्हाई रं. दुखतंय म्हणून कळपाच्या मागं पडलं की लांडगा धरतो, ही त्याला पिढ्यांची भीती. शेवटच्या घटकेपत्तूर सारखं चालतं. आपुनच बघायचं आस्तंय."

पंचवीस मिनिटं गेली. एकूण दोन तास पंचवीस. मेंढ्यांचं ज्ञान ऐकायला मी गाडी काढत नाही.

रविवार, १९ जानेवारी

राजवर्धनचा व्हिडिओ कॉल. त्याने तक्ता करून आणला होता. पडद्यावर दाखवला. रन-फ्लॅटचे गुण सात, दोष दोन. त्याचा बाप रोज गाडीत किती वेळ बसतो आणि कसल्या रस्त्यावर, हे तक्त्यात नव्हतं.

"आई, कंपनीने ती गाडीच तशी बनवलीय. इंजिनिअर काय मूर्ख असतात का?"

"इंजिनिअर गळिताच्या दिवसांत पलूसच्या रस्त्यावर आले होते का? उसाच्या ट्रॉल्यांनी डांबर उचलून नेलंय."

"ठीक आहे, हादरे बसतात. पण समज, पंक्चर झालं. तू चौसष्ट वर्षांची. नाना आजारी. जॅक कोण लावणार?"

मी विचारलं, तिकडे थंडी किती आहे? इथे लिहिते. चाक बदलायला मला येत नाही. रासायनिक पृथक्करण येतं, चाक येत नाही.

मागून नानासो म्हणाले, "राजा, तिकडं सार्वजनिक सोय कशी हाय रं? रस्त्यानं?"

"कसली सोय, नाना?"

"न्हाई, आपलं विचारलं. प्रवासाची."

"एकदम मस्त. दर वीस-तीस किलोमीटरला थांबा, सगळं स्वच्छ."

"लय चांगला देश," हे म्हणाले आणि उठून आत गेले.

बुधवार, २२ जानेवारी

मतं पुरे झाली, मोजमाप करायचं ठरवलं. पितळेचा तांब्या काठोकाठ भरून मागच्या सीटच्या मधोमध परातीत ठेवला. पलूसपर्यंत तीस किलोमीटर, ताशी पन्नास. परातीत सांडलेलं पाणी मोजपात्राने मोजलं. चारशे दहा मिलीलिटर. काल दुपारी लालासाहेबाच्या जुन्या गाडीत, साध्या टायरवर, हाच तांब्या, हाच रस्ता, हाच वेग. एकशे नव्वद.

प्रयोग शुद्ध नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, इथे गाडीही बदलली. तरी फरक दुपटीहून जास्त आहे.

लालासाहेब हसून हसून खाली बसला. "काकी, फौजेत टँक टेस्ट केलेत, पर तांब्या-परातीनं न्हाई."

नानासो पुढच्या सीटवर होते. पलूसला परात बाहेर काढताना म्हणाले, "तांब्याला काय इचारतीस? मला इचार की."

मी म्हटलं, तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही यष्टी म्हणालात.

"मी पन तांब्याच हाय," म्हणाले. "काठोकाठ."

विनोद करायची जुनी खोड. वेळ नव्हता, साडेअकरा गाठायचे होते. तेरावी फेरी झाली.

उद्यासाठी: परतीचा खरा वेळ कळायला हवा. चहा वगळून एकदा सलग यायचं. त्याशिवाय दोन टायरांची तुलना करता येणार नाही. उद्या बँकेत काम आहे, म्हणजे परवा.

शुक्रवार, २४ जानेवारी

क्रमाने लिहिते. क्रम महत्त्वाचा.

पंधरावी फेरी वेळेवर झाली. बारा वाजून पाच मिनिटांनी सांगली सोडली. मी यांना सांगितलं, आज सलग जायचं, कुठे थांबायचं नाही, मला वेळ घ्यायची आहे. यांनी वसगड्याला चहा मागितला, मी नाही म्हणाले. पलूसला मागितला, मी नाही म्हणाले. पलूसच्या पुढे मागितला नाही. दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसले होते. मला वाटलं, रागावले.

घर दहा किलोमीटरवर असताना रबर जळल्याचा वास आला. मला वाटलं, शेतात कुणी काही पेटवलंय. मग मागून धपधप आवाज आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. कडेला घेतली. मागचं डावं टायर उरलं नव्हतं. बाजू फाटून पट्ट्या लोंबत होत्या आणि चाक लोखंडावर होतं.

रन-फ्लॅट बसत नाही, म्हणून नुसतं बघून कळत नाही. मी रोज सकाळी लाथ मारून बघते, सगळेच बघतात. या टायरला लाथ मारून काही कळत नाही, ते रिकामं असतानाही तेवढंच घट्ट लागतं. कळायला एकच मार्ग असतो, ती पिवळी खूण. तिच्यावर सिद्धनाथ.

लालासाहेबाला फोन केला. अर्ध्या तासात पिकअप घेऊन आला. पट्ट्यांत त्याला ट्रॉलीच्या साखळीचा तुटका तुकडा सापडला. मी हिशेब मांडला. सकाळी पलूसजवळ घुसला असेल तर सांगलीपर्यंत तीस, परत पलूसपर्यंत तीस, पुढे वीस. बरोबर ऐंशी. टायरने जेवढं कबूल केलं होतं तेवढं केलं. चूक माझी.

"खूण खोटी न्हवती, काकी," लालासाहेब म्हणाला. "हवा भरली की गाडीला सांगावं लागतं. हितं, ह्या बटनानं. न्हाई सांगितलं तर ती वरडतच ऱ्हाती. तवा मीच करायला पायजे हुतं, इसरलो."

त्याने विसरायला नको होतं. पण मी तर यंत्र तपासलंच नाही, नियम सांगून मोकळी झाले. लॅबमध्ये नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

पिकअप येईपर्यंतचं राहिलं. मी दार उघडून यांना उतरवायला गेले तेव्हा पायजमा पुढून ओला होता. सीटही.

"बाटली सांडली," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, असू द्या, ऊन आहे, वाळेल. शाल दिली, ती कमरेला गुंडाळली. रस्त्याने ट्रॉल्या जात होत्या. एका ट्रॅक्टरवाल्याने ओळखून हाक मारली, "डाक्टर, काय झालं?" यांनी हात वर केला, "काय न्हाई रं, चाक."

बाटली सीटखाली होती. भरलेली. झाकण घट्ट.

शनिवार, २५ जानेवारी

सोमवारी सोळावी फेरी. हातात दोन दिवस. गाडी लालासाहेबाच्या दुकानात ठोकळ्यांवर. त्याच्याकडे या मापाचे टायर नाहीत, म्हणून चारही चाकांची डिस्कं पिकअपमध्ये टाकून मी आणि तो साताऱ्याला गेलो. नानासो येत नाही म्हणाले. "मी घरीच बरा."

साताऱ्याला उतरले की मला अजून बी.एस्सी.चं वर्ष आठवतं, पण आज आठवणींना वेळ नव्हता. हमरस्त्याच्या कडेचं मोठं टायरचं दुकान. मालक तरुण, ऋषिराज नावाचा, इस्त्रीचा शर्ट. दोन्ही प्रकार त्याच्याकडे तयार होते. म्हणजे मला मिळेल ते घ्यावं लागलं असं कुणी म्हणू नये.

त्याने रन-फ्लॅटची बाजू चांगली मांडली. अचानक हवा गेली तरी गाडी हातात राहते. घाटात, पावसात, बाई माणसाला उतरावं लागत नाही. सगळं खरं आहे, मी मान्य केलं. खूण झाकण्याऐवजी तपासून बंद केली असती तर मी काल पंक्चर काढायला सांगलीतच थांबले असते, हेही खरं. टायरचा दोष नव्हता.

मी विचारलं, "हे मुळात कशासाठी केलं?"

"थांबावं लागू नये म्हणून, मॅडम."

मी दोन्ही टायरांची बाजू अंगठ्याने दाबून पाहिली. लालासाहेब बाहेर तंबाखू मळत होता.

मग म्हणाले, "साधे द्या. पाच."

"पाच?"

"स्टेपनी. एक डिस्कही द्या. डिकीत पट्ट्याने बांधीन."

कारण लिहून ठेवते. मी दोन आठवडे चुकीची गोष्ट मोजत होते. न थांबता घरी पोचणं हे मी उद्दिष्ट धरलं होतं. ते मला कुणी दिलं नव्हतं. परतीला आम्हाला थांबावं लागतं. का, ते मला अजून पुरतं ठाऊक नाही. पण ओली सीट आणि भरलेली बाटली एकाच गाडीत होती, एवढं मी पाहिलं आहे. ज्याला थांबायचंच आहे त्याने न थांबण्यासाठी दगडावर बसून का जावं?

संध्याकाळी राजवर्धनला कळवलं.

"आई, तू ऐकत का नाहीस?"

"ऐकलं. पटलं नाही."

"मी तिथे नाही ना. असतो तर..."

"नाहीस, हे खरं. पण त्याची भरपाई टायर करणार नाहीत. आम्ही अडकलो तर मी आहे. तू जेवलास का?"

तो म्हणाला, जेवतो.

रविवार, २६ जानेवारी

चाक बदलायला शिकले. लालासाहेबाने झेंड्याला सलामी देऊन आल्यावर टोपीसकट शिकवलं. आधी बोल्ट ढिले, मग जॅक. उलट केलं तर चाक हवेत गरगरतं. जॅक कुठे लावायचा ती जागा गाडीखाली ठरलेली आहे, तिथे मी खडूने फुली केली. पान्याला हात पुरत नाही म्हणून त्याने दोन फुटांचा पाइप दिला, तो पान्यावर चढवला की माझं वजन पुरतं.

पहिल्यांदा एक्केचाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा तीस. तिसऱ्यांदा चोवीस. कंबर दुखते. दुखू दे.

नानासो खुर्ची टाकून बसले होते. बोल्ट हरवू नयेत म्हणून टोपीत धरायचं काम त्यांच्याकडे. लालासाहेबाने विचारलं, "पाचवा कुटं हाय?" "टोपीत." "टोपीत चारच हायत." "मग डोक्यात असंल." लालासाहेब म्हणाला, "नाना, ओके रिपोर्ट द्या." यांनी बसल्या जागी कडक सॅल्यूट ठोकला. शुक्रवारपासून पहिल्यांदा हसले.

सोमवार, २७ जानेवारी

सोळावी फेरी. नव्या टायरांवर. तांब्या नेला नाही, गरज नाही. खड्ड्यात गाडी आता खाली बसून वर येते, आदळत नाही. यांनी दाराची मूठ दोनदाच धरली.

हे आत असताना सोनमला बाहेर गाठलं. मी विचारलं, परतीला यांना काय होतं? तिने फाइल उघडली. रोज एक प्रश्न विचारून उत्तर लिहायचं असतं, काही त्रास? सोळा दिवसांत सोळा वेळा, "काय न्हाई."

"काकू, तिसऱ्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांना होतं. सारखी लागते, जळजळते, लागली की दोन मिनिटंही आवरत नाही. काका म्हणाले काही नाही, म्हणून मला वाटलं नशीबवान आहेत. पहिल्या दिवशी कागद दिला होता ना, दुसऱ्या पानावर लिहिलंय."

कागद माझ्या पर्समध्ये होता. पहिलं पान औषधांचं. त्यावर माझ्या लाल पेनच्या खुणा आहेत. दुसरं पान कोरं, म्हणजे माझ्या खुणांविना.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. आठ-दहा दिवसांत फरक पडेल, संपूर्ण बंद व्हायला फेऱ्या संपल्यावर महिना.

यांना मी काही बोलले नाही. त्रेचाळीस वर्षांत या माणसाने मला एकदाही पाणी मागितलेलं नाही, उठून घेतो. त्याला मी भर रस्त्यात ते शब्द उच्चारायला लावणार नाही. गाडी सुरू करताना एवढंच सांगितलं, "नवीन टायर आहेत. ते गार करायला दर पंधरा किलोमीटरला थांबावं लागेल. दुकानदाराने सांगितलंय."

"टायर गार कराय लागत्यात?"

"लागतात."

"किती टाइम?"

"पाच-सात मिनिटं. तुम्ही पाय मोकळे करत जा."

बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "लय हुशार दुकानदार हाय."

मी समोर बघत होते. उसाच्या ट्रॉलीला ओलांडायचं होतं.

परतीचा वेळ आजपासून लिहीत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाविसावी फेरी. राजवर्धन म्हणाला होता ते आज झालं, ते लपवायचं नाही. जाताना पलूसच्या पुढे पंक्चर. साधं टायर, लगेच बसलं, लगेच कळलं. पावणेदहाला निघते, म्हणून हातात वेळ होता. जॅक, फुली, पाइप. सव्वीस मिनिटं. दोन मोटरसायकलवाले मदतीला थांबले. हे मोरीच्या कठड्यावर टोपीत बोल्ट घेऊन बसले होते, यांनीच त्या दोघांना अडवलं.

"थांबा रं. मधी जाऊ नगा. सायेब काम करत्यात."

"आज्जी चाक बदलत्यात?"

"आज्जी न्हवं. केमिस्ट हाय ती."

पावणेबारा झाले. सोनमने पुढचा पेशंट आधी घेतला होता, यांना नंतर घेतलं. खंड पडला नाही. साडीला ग्रीस लागलं, रॉकेलने निघेल.

मला एकदाही भीती वाटली नाही असं लिहिणार होते. पाना फिरवताना एक विचार आला, की पुढे कधी टोपी घेऊन बसायला कुणी नसलं तर. बोल्ट आवळला. विचार तिथेच ठेवला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पंचविसावी फेरी पूर्ण. खंड एकही नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी रक्त तपासू, चिन्हं चांगली आहेत. सोनमने टाळ्या वाजवल्या, मशीनवरच्या सगळ्यांनी वाजवल्या. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, शेवटच्या नऊ दिवसांत मी खरं सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली, "सतराव्यापासून सांगितलंत, काका." म्हणजे तिला सांगत होते. बरं केलं.

प्रश्न सुटला. टायर साधे राहतील. हस्तांतराची नोंद करून वही बंद करते.

लालासाहेब यांच्याकडे: वापरलेले रन-फ्लॅट टायर तीन, चौथ्याच्या पट्ट्या. कुणाच्याही गाडीला पुन्हा बसवणार नाही असं तोंडी कबूल करून घेतलं. मोबदला घेतला नाही. दोन फुटांचा पाइप परत करत होते, त्याने घेतला नाही.

रुग्णालयाकडे: पेशंटचं ओळखपत्र, पाणी मोजायची बाटली एक, कपडे ठेवायच्या कपाटाची किल्ली.

राजवर्धनकडे: जुन्या टायरांचे अनुक्रमांक आणि गाडीच्या आताच्या स्थितीचे फोटो अकरा, फोनवर. त्याची पोच आली: "आई, पाइपचा फोटो पुन्हा पाठव, ऑफिसात दाखवायचाय."

नानासो विरकर यांच्याकडे: प्रवासात "थांब" म्हणायचा अधिकार. कुठेही, कितीही वेळा. कारण सांगण्याची अट नाही. चहा, मेंढरं, टायर यांपैकी काहीही पुढे करण्याची आवश्यकता नाही.

वरील शेवटची बाब वाचून दाखवली. त्यांनी पेन मागितलं. सही नांद्र्याच्या पुढे, गाडी उभी असताना घेतली.

मिळालं. ना. वि.